गाडी उशिरा ऐकते

आमच्या कॉलेजच्या बसचे ड्रायव्हर गाडी अनवाणी चालवायचे. चढले की चपला काढायचे आणि सीटच्या मागे, पेपरच्या घडीवर, जोडीनं नीट ठेवायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "चप्पल घातली का मी बहिरा होतो. गाडी पायाशी बोलते, कानाशी नाई."

सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, अगदी प्राचार्यसुद्धा. त्यांचं नाव मला अर्थातच माहीत आहे, पण ते इथे लिहिलेलं त्यांना चालेल का हे मी विचारलेलं नाही, म्हणून मीही भाऊच लिहिते.

मी तेव्हा ब्रह्मपुरीला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. आमचं गाव वैनगंगेच्या पलीकडे, कुरखेड्याच्या रस्त्यावर. भाऊंचं गाव त्याच्याही थोडं पुढे. बस रात्री त्यांच्या दारात उभी असायची, त्यामुळे सकाळी सर्वात आधी मी चढायचे आणि संध्याकाळी सर्वात शेवटी उतरायचे. मला गाडी लागायची म्हणून भाऊंनी मला त्यांच्या बाजूची, अगदी समोरची जागा देऊन टाकली होती. त्या जागेवर बसून मी त्यांना जितकं पाहिलं तितकं बहुतेक त्यांच्या घरच्यांनीही पाहिलं नसेल.

त्यांनी गिअरशी नाती जोडली होती. पहिला गिअर म्हणजे माय, कारण सगळं ओझं उचलून उठते ती तीच. दुसरा बाप. तिसरा मामा, अडीअडचणीला धावून येणारा. चौथा दोस्त. "अन् पाचवा?" असं नवीन कोणी विचारलं की ते मान हलवायचे. "पाचवा जावाई. सपाट रस्ता असन तं लय रुबाब. चढ आला का त्याले काही जमत नाई." त्यांचे जावई एकदा आमच्याच बसमधून ब्रह्मपुरीला आले. त्या दिवशी भाऊ पूर्ण रस्ता चौथ्या गिअरच्या वर गेले नाहीत.

उशीर झालेल्या मुलांसाठी ते थांबायचे नाहीत, मुलींसाठी थांबायचे. मुलं चिडायची. एकदा वडसा गावच्या एका मुलानं भांडणच काढलं, "भाऊ, हे काऊन? आमी काय फुकट येतो का?" भाऊंनी आरशातून त्याच्याकडे पाहिलं. "तुही गाडी सुटली तं तू दुसऱ्या गाडीनं येशीन. पोट्टीची गाडी दोनदा सुटली का घरचे मनतात, जाऊ दे आता, बस घरी." तो मुलगा खिडकीकडे वळला. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली आहे, आणि त्या वाक्यात जे घरचे होते ते मला ओळखीचे वाटले.

जुन्या बसचा एक्सिलेटर तारेचा होता. पॅडल दाबलं की तार ओढली जाते, तार इंजिनाला ओढते. ती बस खिळखिळी होती, पण भाऊंना तिचं सगळं कळायचं. पुलावर चढताना ते एकदम म्हणायचे, "आज इचा घसा बसला," आणि दुसऱ्या दिवशी फिल्टर बदललेला असायचा. मग ती बस काढली आणि नवी आली. नव्या बसला तार नव्हती.

पहिल्या सर्व्हिसिंगच्या वेळी कंपनीचा मेकॅनिक भाऊंना समजावत होता. सुटीचा दिवस नव्हता, आम्ही काही जण बसमध्येच होतो. "काका, आता पायाखाली सेन्सर असतो. तुम्ही पॅडल दाबलं की सेन्सर कॉम्प्युटरला सांगतो. कॉम्प्युटर ठरवतो किती डिझेल सोडायचं."

भाऊंनी शांतपणे ऐकलं. "म्हंजे मी पायानं अर्ज करायचा."

"तसं नाही काका..."

"साहेब वाचन, सही करन, मंग गाडी हालन. तसंच ना बाप्पा?"

आम्ही हसलो आणि त्या दिवसापासून ते रूढच झालं. पुढे ट्रॅक्टर नाहीतर बैलबंडी दिसली, ओव्हरटेक करायचं असलं की भाऊ मोठ्यानं म्हणायचे, "अर्ज देतो बरं का!" पॅडल दाबायचे. काही व्हायचं नाही. मग काही वेळानं गाडी एकदम उचल घ्यायची आणि मागून तीस जण ओरडायचे, "मंजूर!"

गंमत होती ती. पण दिवसेंदिवस अर्ज आणि मंजुरी यांच्यात जास्त वेळ जातो आहे असं मला वाटायचं. भाऊ पायावर जोर द्यायचे आणि त्यांचा चेहरा थोडा वेळ रिकामा व्हायचा. एकदा ते माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "जुनी गाडी भांडे, पन बोले तरी. हे मुकी हाये. पाय ठेवला तं काहीच नाई सांगत."

आता त्यांच्या एका सवयीबद्दल लिहायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

गाडी सुरू करण्याआधी ड्रायव्हर लोक स्टीअरिंगला हात लावून कपाळाला लावतात, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. भाऊ स्टीअरिंगला नमस्कार करायचे नाहीत. ते खाली वाकायचे, एक्सिलेटरच्या पॅडलवर पंजा टेकवायचे, दुसऱ्या हातानं चावी फिरवायचे, आणि समोरचे लाल-पिवळे दिवे लागले की मगच तो पंजा उचलून कपाळाला लावायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं होतं, "भाऊ, त्याले काऊन? स्टेरिंगले नाई का?"

"स्टेरिंगले तं दिवसभर हातातच घेऊन असतो. याले दिवसभर लात मारतो. सकाळी एक डाव तरी हात लावला पायजे का नाई?"

"पन चावी फिरवून काऊन मंग?"

मी लहान मुलीसारखं काही विचारलं असावं असे ते माझ्याकडे पाहायला लागले. "दिवा लागल्याबिगर नमस्कार करते का कोनी?"

मला ते फार पटलं होतं. घरी जाऊन मी आईलाही सांगितलं होतं.

धान कापणीच्या दिवसांत तो प्रसंग घडला. पुढे धानाच्या पोत्यांनी भरलेला ट्रॅक्टर होता. रस्ता लांबपर्यंत मोकळा होता, म्हणून भाऊ उजवीकडे आले आणि म्हणाले, "अर्ज देतो." पॅडल तळाला टेकलेलं मला दिसत होतं. गाडी ट्रॅक्टरच्या बरोबरीला येऊन तशीच चालत राहिली. तेवढ्यात वळणावरून ट्रक आला. भाऊंनी ब्रेक दाबला आणि गाडी पुन्हा ट्रॅक्टरच्या मागे घेतली. ट्रक हॉर्न वाजवत बाजूनं गेला. कोणाला काही लागलं नाही. मागे दोन मुली रडत होत्या, आणि त्या दिवशी मंजूर कोणी म्हटलं नाही. भाऊंनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरले आणि थोडा वेळ एका सागाच्या झाडाला हात लावून उभे राहिले.

पालकांचे फोन कॉलेजात गेले. मेकॅनिकला बोलावलं गेलं. त्यानं लॅपटॉप जोडला, कुठलाच दोष दिसेना. मग तो स्वतः गाडीत बसला, चावी फिरवली आणि मैदानाला दोन चकरा मारल्या. गाडी पायाबरोबर पळत होती. तो उतरला आणि प्राचार्यांना हळू आवाजात म्हणाला, पण भाऊ जवळच होते, "सर, गाडी ओके आहे. वय झालं की पाय जरा उशिरा पडतो."

भाऊंनी आपल्या पायांकडे पाहिलं. ते मला अजून दिसतं.

सोमवारपासून भाऊंना गेटवर बसवलं. बसवर ब्रह्मपुरीचाच एक तरुण ड्रायव्हर आला. तो बूट घालून गाडी चालवायचा आणि गाडी खरंच छान पळायची. वडशाचा तो मुलगा म्हणाला, "पाह्यलं? गाडीत काही नवतं. बुढ्याच्या पायात होतं." आम्हा बाकीच्यांनाही तसंच वाटायला लागलं होतं, हे मला लिहायला हवं. भाऊ आता एसटीनं यायचे. आमच्या बसमधून या म्हटलं तरी ते आले नसते. गेटवर प्लास्टिकच्या खुर्चीत, पायात चपला घालून बसलेले असायचे आणि आवारात शिरणाऱ्या कुत्र्यांना हाकलायचे. मी आत जाताना रोज त्यांना नमस्कार करायचे. ते मान हलवायचे.

मंगळवारी आमचं फिजिक्सचं प्रॅक्टिकल होतं. व्हर्नियर कॅलिपर होतं, अगदी साधं. सर प्रत्येक टेबलापाशी येऊन तेच सांगत होते, "आधी जबडे पूर्ण मिटवा. शून्य शून्यावर येतो का पाहा. येत नसेल तर पुढचं प्रत्येक माप तेवढ्यानं खोटं येणार." माझे जबडे पूर्ण मिटले नव्हते. मध्ये कागदाचा कपटा अडकला होता. मी तो काढला आणि तो हातात धरूनच उभी राहिले, कारण मला भाऊंचा पंजा दिसला.

चावी फिरवली की गाडीचा कॉम्प्युटर पॅडलची जागा पाहून घेत असेल तर? पाय नसताना पॅडल इथे असतं, हे शून्य. पण भाऊंची चावी फिरते तेव्हा त्यांचा पंजा पॅडलवर असतो, वाकल्यामुळे अंगाचा भारही असतो. म्हणजे दाबलेल्या पॅडललाच गाडी शून्य समजते. मग दिवसभर भाऊंचा पाय तिथपर्यंत पोहोचेपर्यंत गाडीच्या लेखी पाय आलेलाच नसतो. पुढे पूर्ण दाबला तरी ती तो अर्धाच धरते. मेकॅनिकनं नमस्कार केला नव्हता. नवा ड्रायव्हरही करत नव्हता. आणि मला आणखी एक आठवलं. दिवाळीच्या आधी पत्र्यानं भाऊंचा हात कापला होता, पट्टी होती, दोन दिवस त्यांनी बसल्याजागी नुसते डोळे मिटून नमस्कार केला होता. त्या दोन दिवसांत ते म्हणाले होते, "आज इचा मूड बरा दिसते."

मला इतका आनंद झाला की मी रीडिंग घ्यायची विसरले. आणि दुपारी गेटवरून जाताना मी भाऊंना नमस्कार केला आणि तशीच पुढे गेले.

का सांगितलं नाही, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. आधी वाटलं, आपलं चुकत असेल. पहिल्या वर्षाची मुलगी, गाडीचं बॉनेटसुद्धा कधी उघडून पाहिलेलं नाही. मग वाटलं, बरोबर असलं तर ते जास्तच वाईट. मी त्यांना सांगणार काय? की तुम्ही इतके दिवस ज्याला हात जोडलेत त्यानंच तुमच्या हातातली गाडी घालवली? मोठ्या माणसाला तुमचं चुकतंय असं आमच्या घरात कोणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. बुधवारी मी वाक्य तयार केलं. गुरुवारी ते बदललं. शुक्रवारी भाऊंच्या खुर्चीपाशी उभी राहिले. त्यांनी विचारलं, "काय व?" मी म्हणाले, "काही नाई. जेवले का?"

शनिवारी दुपारी नव्या ड्रायव्हरला ताप आला. ऑफिसातून निरोप गेला की आजच्यापुरती भाऊंनी मुलांना पोहोचवून द्यावं, फक्त हळू चालवावी. मी नेहमीसारखी आधी येऊन समोरच्या जागेवर बसले होते. बाकी कोणी आलं नव्हतं. भाऊ चढले, चपला काढून ठेवल्या, सीटवर हात फिरवला. खूप दिवसांनी घरी आल्यासारखे दिसत होते. मग ते वाकले. पंजा पॅडलवर टेकला. दुसरा हात चावीकडे गेला. थोड्याच वेळात मागे तीस जण बसणार होते आणि रस्त्यावर धानाचे ट्रॅक्टर होते.

"भाऊ, हात काढा!"

मी ओरडलेच होते. ते दचकून ताठ झाले. "काय झालं? साप हाये का?"

"नाई. तुमी... चावी फिरवताना त्याले हात लावू नोका."

"काऊन?"

तयार केलेली सगळी वाक्यं गेली. "त्याच्यानंच होऊन राह्यलं सगळं," एवढंच बाहेर आलं. भाऊंचा चेहरा बदलला. ते मला कधी रागावले नव्हते. "माह्या नमस्कारानं?" ते म्हणाले. "कॉलेजात हेच शिकवतात का तुमाले?"

व्हर्नियरचं सांगून उपयोग नव्हता. मला धान विकायला गेल्यावरचा काटा आठवला. "भाऊ, मोजणीचा इलेक्ट्रिक काटा राह्यते ना. तो सुरू करताना कोनी त्याच्यावर हात ठेवला, अन् तसाच झिरो केला, तं काय होईन?"

"वजन कमी दाखवन. हात होता तेवढं कमी."

"हे गाडीबी चावी फिरवली का झिरो करते. अन् तवा तुमचा हात राह्यते वर."

भाऊ पॅडलकडे पाहत राहिले. बाहेर मुलांचे आवाज यायला लागले होते. मग त्यांनी डोकं खाजवलं. "म्हंजे बाप्पा," ते हळूच म्हणाले, "मी सोताच काटा मारून राह्यलो. सोतालेच."

त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, पाय मागे ओढून घेतले, मग नुसती चावी फिरवली. दिवे लागले. ते थांबले. इंजिन सुरू केलं आणि पॅडलवर पाय ठेवला, तर बस अशी उसळली की मी दांड्याला धरलं आणि दाराशी आलेली मुलं मागे सरकली. भाऊंनी मैदानाला एक चक्कर मारली, मग आणखी एक. तिसऱ्या चकरेला ते हसत होते, पण आवाज नव्हता.

मग गाडी बंद करून ते सरळ प्राचार्यांकडे गेले. मला म्हणाले, "तूबी चाल." मला वाटलं मला समजावून सांगावं लागेल, म्हणून मी शुद्ध भाषेतलं वाक्य मनात जुळवत होते. पण भाऊच बोलले. "सर, दोष गाडीचा नवता. माह्या पायाचाबी नवता. माह्या हाताचा होता." आणि त्यांनी नमस्काराचं सगळं सांगितलं, वाकून दाखवलं. ऑफिसातले मोठे बाबू तिथेच होते, ते हसू लागले. भाऊ त्यांचं हसणं संपेपर्यंत थांबले आणि पुढे सांगू लागले. प्राचार्य स्वतः बसमध्ये येऊन बसले. एक चक्कर नमस्कार करून, एक न करता. उतरताना ते म्हणाले, "सोमवारपासून तुम्हीच घ्या, भाऊ." नंतर मेकॅनिकलाही फोन झाला. तो म्हणाला, हो, असं होऊ शकतं, पण असं करणारा माणूस त्यानं अजून पाहिला नव्हता.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर भाऊंनी एकदाच अर्ज दिला. मंजूर म्हणायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

एकेक गाव उतरत गेलं. शेवटी मी एकटी राहिले. आमच्या गावाच्या फाट्यावर भाऊंनी गाडी थांबवली, पण दार उघडलं नाही.

"तुले हे कवा समजलं?"

आजच, असं म्हणता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. "मंगळवारी," मी म्हणाले.

त्यांनी बोटांवर मोजलं. "मंगळ, बुध, गुरू, शुक्कर." मग समोर रस्त्याकडे पाहत म्हणाले, "चार दिवस मी कुत्रे हाकलत बसलो. अन् तू रोज येऊन मले हात जोडत होतीस."

मी बॅगेचा पट्टा खांद्याला अडकवला आणि बंद दाराकडे पाहिलं.

"गाडीले माहा नमस्कार नडला, पोट्टे," ते म्हणाले. "अन् मले तुहा."

ते रागानं म्हणाले नव्हते. रागानं म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी दार उघडलं. मी उतरले. रविवारभर माझं कशात लक्ष लागलं नाही.

सोमवारी सकाळी बस आली. भाऊंनी नमस्कार आता संध्याकाळी चावी काढल्यावर करायचं ठरवलं होतं, "आधी केला काय अन् मागून केला काय," हे त्यांनी मला नंतर सांगितलं. तेव्हा मात्र ते समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहत होते. मी हात जोडले नाहीत. दारातच उभी राहून म्हणाले, "भाऊ, मागच्या डाव्या चाकात हवा कमी दिसून राह्यली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चपला घातल्या, खाली उतरले, मागे गेले. चाकाला हात लावला, वाकून पाहिलं, एक लाथ मारली. परत येऊन चपला काढल्या, घडीवर ठेवल्या आणि सीटवर बसले.

"हवा बरोबर हाये," ते म्हणाले. "चूक सांगतलंस."

माझे कान गरम झाले.

"पन लवकर सांगतलंस," भाऊ म्हणाले, आणि त्यांनी पहिला गिअर टाकला.